माणसे मोजाल, फेऱ्याही मोजा

फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेचे प्रगणक घरोघरी जातील. २०११ नंतरची ही पहिली शिरगणती. देगलूर तालुक्यातल्या लहान गावांना तिची फार गरज आहे, कारण काहीही मागायला गेले की पहिला प्रश्न लोकसंख्येचा येतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्यातही सपाट भागातल्या वस्तीला किमान ५०० लोकसंख्येची अट आहे आणि ती २०११ च्या आकड्यांवरच ठरते. तेव्हा पाळण्यात असलेली लेकरे आता दहावीच्या उंबरठ्यावर आहेत.

नव्या आकड्यानेही सगळे उमजणार नाही. फेब्रुवारी हा ऊसतोडीचा हंगाम. मुखेड-देगलूरच्या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबे तेव्हा फडावर किंवा हैदराबादकडे कामावर असतात आणि जिथे सापडतील तिथेच मोजली जातात. गाव कागदावर लहान दिसते. पावसाळ्यात त्याच गावाला पूर्ण माणसांची वाहतूक लागते.

दुसरी त्रुटी अधिक खोल आहे. २०११ च्या जनगणनेत गावांच्या सोयी नोंदवताना सार्वजनिक बस ‘आहे’ की ‘नाही’ एवढेच लिहिले गेले. नसेल तर ती ५ किलोमीटरच्या आत मिळते, ५ ते १० वर, की त्याहून दूर, हे पुढे. रात्री मुक्कामाला येऊन पहाटे निघून जाणारी एकच गाडी आणि दिवसाला दहा फेऱ्या, दोन्हींची नोंद सारखीच. शाळेच्या वेळेला गाडी नसलेले गावही सोयीचे ठरते.

देगलूर शहरातून अकोला–संगारेड्डी हा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जातो. त्यावरून हैदराबादची वाहने धावतात, पण आतल्या गावाला आधी फाटा गाठावा लागतो आणि पुढे टमटम किंवा काळीपिवळी भरेपर्यंत थांबावे लागते. नांदेड–देगलूर–बिदर रेल्वेमार्गाची मागणी जुनी आहे. रूळ येईपर्यंत या गावांचा आधार एसटीच.

सीमेने अडचण वाढवली आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी देगलूर तालुक्यातलेच बिचकुंदा आणि जुक्कल हे भाग वेगळे काढून आंध्र प्रदेशाला जोडले गेले. आज ते तेलंगणात आहेत. दुसऱ्या अंगाला कर्नाटकातले औराद. राज्ये बदलली, तरी सोयरिकी आणि बाजारहाट सीमा ओलांडतातच. प्रवासाचे नियम मात्र प्रत्येक राज्याचे निराळे. कर्नाटकाने जून २०२३ पासून आणि तेलंगणाने डिसेंबर २०२३ पासून आपल्या महिलांना आपल्या हद्दीत साध्या बसचा प्रवास मोफत केला. महाराष्ट्राने मार्च २०२३ पासून एसटीत निम्मे तिकीट केले. सवलत चांगलीच आहे. पण ज्या गावात गाडीच येत नाही, तिथल्या बाईच्या हाती तिच्यातले काही पडत नाही. ती टमटमला पूर्ण पैसे मोजते.

म्हणून मागणी नेमकी हवी. ग्रामसभांनी ठराव करून लिहावे: पहिली गाडी कधी, शेवटची कधी, फाटा किती दूर, आठवीच्या पुढे किती मुली दुसऱ्या गावी शिकायला जातात. एसटीने फेरी ठरवताना एकेका गावाचे डोके मोजू नये. एका वाटेवरच्या सगळ्या गावांची, तांड्यांची आणि वस्त्यांची बेरीज धरावी. ४०० वस्तीची तीन गावे एका रस्त्यावर असतील तर तो १,२०० माणसांचा मार्ग आहे. आणि तिन्ही राज्यांच्या परिवहन महामंडळांनी मोठ्या शहरांच्या लांब फेऱ्यांबरोबर सीमेवरच्या बाजारगावांना जोडणाऱ्या छोट्या फेऱ्यांचाही करार करावा.

तोट्याचे कारण पुढे येईल. तोटा मोजताना, गाडी नाही म्हणून शाळा सुटलेली मुलगी आणि दवाखान्यात उशिरा पोहोचलेली बाळंतीण कोणत्या खात्यात मांडणार, हेही सरकारने सांगावे.