आकडा आणि साक्ष

पूर्ण झालेली कामे आणि खर्ची पडलेला पैसा म्हणजेच योजनेचे यश, ही नोकरशाहीची व्याख्या जोवर मान्य होत राहील, तोवर गोरगरिबांच्या नावाने चाललेल्या विकासाचा जाब कोणालाही विचारता येणार नाही. ‘सर्वांसाठी पाणी, टंचाईमुक्त महाराष्ट्र २०१९’ ही घोषणा करीत डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. बंधारे मोजले गेले, नाल्यांचे खोलीकरण मोजले गेले. २०२० साली महालेखापरीक्षकांचा अहवाल विधिमंडळापुढे आला: ९,६३३ कोटींहून अधिक रुपये खर्चूनही भूजलपातळी वाढविण्यात अभियानाचा परिणाम अत्यल्प! विहिरीवर हंडा घेऊन जाणाऱ्या स्त्रीला हे समजण्यासाठी अहवालाची वाट पाहावी लागली नसती. पण तिची साक्ष घेणे शासनाच्या मोजमापात बसत नव्हते.

तथापि ‘लोकांना विचारा’ एवढ्यानेही भागत नाही. विहीर भरली ती बंधाऱ्यामुळे की चांगल्या पावसामुळे, हे केवळ साक्षीने ठरत नाही. त्यासाठी पर्जन्यमान, भूजलपातळी व पीकपद्धती यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी लागतात. शिवाय चावडीवर ‘गाव’ म्हणून बोलतो तो बहुधा बागायतदार. त्याच्या उसाला मिळालेले पाणी गावाला मिळाले असे लिहिले जाते. भूमिहीन मजूर आणि स्त्रिया मागे उभ्याच राहतात.

म्हणून आकडा आणि साक्ष समोरासमोर आणली पाहिजेत. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्यांतून हेच केले. हजेरीपट आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचली गेली. ज्यांच्या नावे मजुरी उचलली होती, त्यांनीच उठून ती मिळाली नसल्याचे सांगितले. त्या चळवळीने माहितीच्या अधिकाराची मागणी देशापुढे आणली. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने ग्रामसभेकडून सामाजिक लेखापरीक्षणाची तरतूदही केली.

कागद हाती न देता मत विचारणे हा सहभाग नव्हे, सहभागाचे सोंग आहे. कार्यकर्त्यांनी केवळ मोर्चे काढून थांबू नये. कामाचे अंदाजपत्रक व मोजमाप पुस्तिका मागवावी, प्रत्येक उन्हाळ्यात विहिरींची पातळी स्वतः नोंदवावी, आणि ही सारी कागदपत्रे ग्रामसभेत वाचून दाखवावीत. तेथे पहिला प्रश्न ज्याला जमीन नाही त्याला विचारावा.