औषध थांबवू नका, टोमणे थांबवा

गेल्या संक्रांतीला पनवेलच्या आमच्या सोसायटीत हळदीकुंकू होतं. एक आई आपल्या शाळकरी मुलीला घेऊन आली. मुलीच्या हातातला तिळाचा लाडू पाहून कुणीतरी पटकन म्हणालं, ‘‘अगं, आवर हिला! केवढी सुटलीय!’’ आई काहीच बोलली नाही. त्यानंतर ती कुठल्या कार्यक्रमाला आली नाही.

मैत्रिणींनो, या मुलीच्या मेंदूतली गाठ काढलेली आहे. क्रॅनिओफॅरिंजिओमा असं तिचं अवघड नाव. हा कॅन्सर नव्हे, पण जागा वाईट. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. उंची, थायरॉइड, पाळी, शरीरातलं पाणी, सगळ्यांवर तिची देखरेख. तिच्या वरच भूक सांभाळणारा भाग. गाठीमुळे किंवा ऑपरेशनमध्ये त्याला इजा झाली, की पोट भरल्याचं कळत नाही. बेताचं खाऊनही वजन वाढतं. यात आईचे फाजील लाड नाहीत, की मुलीचा हावरेपणा नाही.

गाठ निघाली तरी हार्मोनची औषधं बहुतेकांना जन्मभर लागतात. ‘स्टिरॉइड वाईट’ म्हणून नातेवाईक ती बंद करायला सांगतात. पण हायड्रोकॉर्टिसोनची गोळी शरीर जे बनवू शकत नाही तेच भरून काढते. ती अचानक थांबवली तर जिवावर बेतू शकतं. तापात डोस वाढवावा लागतो, उलटीने गोळी पडली तर इंजेक्शन लागतं. केव्हा किती द्यायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. एक प्रत शाळेतही द्या.

आणि बाकीच्या आयांनी? दर सहा महिन्यांनी दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीची खूण करा. चार वर्षांपुढच्या मुलाची उंची वर्षात चार सेंटिमीटरही वाढली नाही, तर ‘आमच्यात सगळे बुटकेच’ म्हणून सोडून देऊ नका. सकाळी डोकं दुखून उलट्या, बाजूचं न दिसणं, रात्री उठउठून पाणी पिणं आणि लघवीला जाणं, यांतलं काही असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. मोठ्या उपचारांसाठी फार लांब जायला नको. परळचं टाटा आहेच. आपल्या पनवेल तालुक्यात, खारघरच्या टाटा केंद्रात 2023 पासून प्रोटॉन किरणोपचारही होतात.

या संक्रांतीला त्या आईकडे बोलावणं करायला मी स्वतः जाणार आहे. वाण तर देऊच. पण मुलीच्या अंगाकडे न बघता तिच्याशी दोन शब्द गोड बोलू या.