छंदाचा फेस, परवान्याची भिंत

पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तेव्हा तिच्या टाक्यांपाशी उभा असलेला ब्रुअर जर्मन होता. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी या संस्थापकांनी जागा, भांडवल आणि परवान्यांची जुळवाजुळव केली. प्रत्यक्ष बिअर बनवण्याचे काम मात्र ऑलिव्हर शाउफ यांच्याकडे सोपवले. त्या वेळी ते स्वाभाविकच होते. जागच्या जागी बनवून ताजी प्यायला देण्याची बिअर ज्याला साधते, असा माणूस इथे शोधूनही सापडणे कठीण होते.

त्यानंतर हा व्यवसाय पुण्यात आणि मुंबईत चांगलाच रुळला. मुंढवा, बाणेर, लोअर परळ, अंधेरी अशा भागांत तांब्याच्या वा पोलादी टाक्या काचेआडून दिसू लागल्या आणि गव्हाची बिअर, स्टाउट, आयपीए हे शब्द तरुण नोकरदारांच्या तोंडी बसले. पण ही बिअर बनवणारा कुशल माणूस घडतो कुठे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही. इतर देशांत साधारण क्रम असा असतो : आधी घरातला छंद, मग एखाद्या ब्रुअरीत उमेदवारी, त्यानंतर पेशा. महाराष्ट्रात या जिन्याची पहिली पायरी चढणेच गुन्हा आहे.

१९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्याच्या बाराव्या कलमानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करण्यास मनाई आहे. स्वयंपाकघरात वीस लिटर बिअर स्वतःपुरती बनवणारा हौशी आणि ओढ्याकाठी भट्टी लावणारा, यांत हे कलम भेद करत नाही. दोघांनाही तुरुंगवासाची तरतूद लागू होते. या राज्यात कायद्याच्या नजरेने नुसते पिणाऱ्यालाही परवाना लागतो, हे अनेकांना ठाऊक नसते. ठाऊक असलेले त्याची फारशी फिकीर करत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

पहिली पायरी एवढी महत्त्वाची का, हे समजण्यासाठी बिअर बनते कशी हे पाहावे लागते. मोड आणून वाळवलेले जव, म्हणजे माल्ट, भरडून पासष्ट ते अडुसष्ट अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर मुरवायचे. त्यातील पिष्टाची साखर होते. ते गोड पाणी निथळून हॉप्सच्या फुलांसह उकळायचे, झपाट्याने थंड करायचे आणि त्यात यीस्ट सोडायचे. कृती एवढीच. ती कागदावर वाचून कोणालाही कळते. पण तापमान चारपाच अंशांनी चढले तर बिअर गोडसर आणि जड होते, उतरले तर कोरडी आणि पातळ. झाकण ठेवून उकळले तर उकडलेल्या मक्याचा वास राहतो. यीस्टला काम पुरे करू दिले नाही, तर लोण्याचा किंवा कच्च्या सफरचंदाचा वास येतो. नळीच्या एखाद्या सांध्यात जंतू राहिले, तर आठवड्याभराने सगळे आंबट. एल प्रकारच्या बिअरला अठरा ते बावीस अंशांचा गारवा लागतो, लागरला त्याहून कितीतरी कमी. आणि एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो.

पाण्याची कथा आणखी निराळी. इंग्लंडमधील बर्टन गावचे जिप्समयुक्त पाणी कडवट पेल एलला मानवले, तर बोहेमियातील पिल्सेनचे मऊ पाणी सोनेरी लागरला. आपल्याकडे एकाच शहरात धरणाचे मऊ पाणी आणि बोअरचे जड पाणी गल्ली बदलली की बदलते. तेव्हा जर्मन पुस्तकातले प्रमाण जसेच्या तसे उचलून भागत नाही. हे सारे जिभेला, नाकाला आणि हाताला कळावे लागते. आईच्या हाताखाली इडलीचे पीठ कधी फुगले हे मुलीला जसे घड्याळ न पाहता उमगते, तशीच ही विद्या आहे, आणि ती चुकूनच येते.

म्हणूनच चूक किती लिटरची, हा प्रश्न कळीचा ठरतो. घरातला वीस लिटरचा घाणा बिघडला तर तो मोरीत ओतून पुढच्या रविवारी दुसरा लावता येतो. वर्षभरात असे वीस-पंचवीस प्रयोग सहज होतात. व्यावसायिक ब्रुअरीतला हजार लिटरचा घाणा बिघडला तर माल्ट, हॉप्स आणि वीज वाया जातेच. शिवाय टाकी दोन-तीन आठवडे अडकून पडते. अशा ठिकाणी नवशिक्याला प्रयोग करू देण्याची चैन कोणताही मालक करणार नाही. परिणामी पाककृती जमेल तितकी सुरक्षित ठेवली जाते आणि बऱ्याच ठिकाणची गव्हाची बिअर एकसारखीच लागते.

इतरत्र हा पेच कायद्यानेच सोडवला. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी १९६३ च्या अर्थसंकल्पात रद्द केला. अमेरिकेत दारूबंदी १९३३ मध्ये उठली आणि घरगुती वाइनला मुभा मिळाली, पण बिअर मागे राहिली. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये विधेयकावर सही केल्यानंतरच संघराज्याच्या पातळीवर ही बंदी संपली. घरात एक प्रौढ असल्यास वर्षाला शंभर गॅलन, दोन वा अधिक असल्यास दोनशे. विकायची मात्र नाही, अशी मर्यादा ठरली. राज्यांनी आपापल्या गतीने त्याचे अनुकरण केले. अलाबामा आणि मिसिसिपी ही शेवटची राज्ये २०१३ मध्ये वळली.

कॅलिफोर्नियातील चिको येथील केन ग्रॉसमन याच काळातले. ते घरी बिअर बनवत आणि १९७६ मध्ये त्यांनी अशा हौशींसाठी साहित्याचे दुकान काढले. पुढे दुग्धालयांची जुनी उपकरणे मिळवून ‘सिएरा नेव्हाडा’ ब्रुअरी उभारली. चव प्रत्येक वेळी सारखी येत नाही म्हणून पेल एलचे सुरुवातीचे दहाएक घाणे त्यांनी ओतून दिले. तीच पेल एल पुढे अमेरिकी क्राफ्ट बिअरचा मापदंड मानली गेली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्या देशात शंभरही ब्रुअरी उरल्या नव्हत्या. २०२४ मध्ये त्यांची संख्या नऊ हजारांच्या पुढे होती. या वाढीचे सारे श्रेय एका कायद्याला देता येणार नाही, पण या ब्रुअरी चालवणाऱ्यांची पहिली पिढी मोठ्या प्रमाणावर घरगुती हौशींतून आली, हे निर्विवाद आहे.

भारतात हे कौशल्य प्रामुख्याने विमानाने आले. मुंबईत लोअर परळच्या ‘बार्किंग डिअर’मध्ये २०१३ साली स्वतःची बिअर ओतली जाऊ लागली, तिचे प्रवर्तक ग्रेगरी क्रोइट्श अमेरिकी. बंगळुरूची ‘आर्बर’ ब्रुअरी २०१२ मध्ये सुरू करणारे गौरव सिक्का मिशिगनमध्ये शिकत असताना तिथल्या मूळ ‘आर्बर’चे ग्राहक होते. या मंडळींचे कर्तृत्व नाकारण्याचे कारण नाही. तथापि, ज्याच्याकडे परदेशी शिक्षणाचा वा वास्तव्याचा खर्च झेपण्याची ऐपत आहे, त्यालाच ही विद्या सहज मिळते, हा त्याचा दुसरा अर्थ आहे. बर्लिनची व्हीएलबी किंवा म्युनिकजवळची डोएमेन्स अकादमी येथील प्रशिक्षण नावाजलेले असले, तरी त्यासाठी लाखो रुपये मोजावे लागतात. जर्मनीतल्या मुलाला मात्र ब्रुअर व माल्ट कारागीर हा तीन वर्षांचा उमेदवारी अभ्यासक्रम कारखान्यात विद्यावेतन घेत पुरा करता येतो.

इथे काहीच नाही, असे नव्हे. मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइन, ब्रुइंग आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ ब्रुइंग अँड डिस्टिलिंगच्या परीक्षा दूरस्थ अभ्यास करून देता येतात. पण साखर कारखान्याची आसवनी किंवा मराठवाड्यातील मोठा बिअर कारखाना चालवण्यासाठी लागणारा रसायनतज्ज्ञ आणि पाचशे लिटरच्या टाकीत दर महिन्याला नवी चव घडवणारा ब्रुअर, ही दोन वेगळी माणसे आहेत.

आता दुसरी बाजू. घरगुती मद्याला मोकळीक म्हटले की महाराष्ट्राला मालवणी आठवते. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरहून अधिक बळी घेतले. गावोगावच्या महिलांनी ‘आडवी बाटली’ करून दुकाने बंद पाडली आहेत. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे. अशा राज्यात या विषयावर विधानसभेत बोलायला कोणता आमदार उभा राहील? त्यांचा संकोच समजण्यासारखा आहे आणि त्यामागील स्त्रियांचा अनुभव तर खराच आहे. परंतु मालवणीत माणसे दगावली ती मिथेनॉलमुळे. धान्य आंबवून बिअर करणे आणि दारू गाळणे या दोन भिन्न क्रिया आहेत. नासलेली बिअर चवीला भिकार लागते. त्या तऱ्हेने जीव घेत नाही. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे कलम या फरकाकडे पाहत नाही.

मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने निर्णय मुंबईतच व्हायचा आहे, आणि असा भेद करणे भारतीय कायद्याला नवे नाही. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये आदिवासींना ठरावीक मर्यादेत घरगुती वापरासाठी मोहाची दारू गाळता येते. गोव्यात काजूच्या हंगामात फेणी गाळणारे छोटे भट्टीवाले उत्पादन शुल्क खात्याच्या नोंदीत असतात. महाराष्ट्राने एकदम घराघरांत मुभा द्यावी, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. मात्र नोंदणीकृत प्रशिक्षण केंद्रात पन्नास लिटरच्या भांड्यावर विद्यार्थ्याला घाणे लावू देणे, विक्रीला सक्त मनाई ठेवणे आणि वाया गेलेल्या बिअरची नोंद ठेवणे यात प्रशासनाला अवघड असे काय आहे? परवानाधारक मायक्रोब्रुअरींनाही अशी छोटी शिकाऊ टाकी ठेवू देता येईल. अमेरिकेतील ‘ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल’मध्ये २००६ पासून हौशी आणि व्यावसायिक ब्रुअरची जोडी एकत्र स्पर्धा करते, हौशीची पाककृती, ब्रुअरीची टाकी. ही कल्पना इथे परवान्याच्या चौकटीतही बसू शकते.

सध्या या पेशात येऊ पाहणाऱ्या पुण्यातील तरुणाला सहायक म्हणून सुरुवात करावी लागते. दिवसाचा बराचसा वेळ टाक्या, नळ्या आणि पिंपे धुण्यात जातो, जे योग्यच आहे, कारण स्वच्छता हा या कामाचा अर्धा भाग आहे. उरलेल्या वेळात भरडलेल्या माल्टची पोती उचलायची आणि मुख्य ब्रुअरचे निरीक्षण करायचे. दोन-तीन वर्षांनी संधी आली, तर स्वतःच्या डोक्यातली पहिली बिअर बनवायला मिळते. तो घाणा हजार लिटरचा असतो.