आईचा वाडा

राजवाडा पाहावयास गेलेला मनुष्य बहुधा सिंहासन शोधीत हिंडतो. दरबार कोठें भरे, शस्त्रें कोठें ठेवीत, एवढें पाहून झालें कीं वाडा पाहून झाला, असें त्यास वाटतें. परंतु राजा सिंहासनावर दिवसांतून घटका दोन घटका बसत असेल. उरलेल्या वेळीं तोहि तुम्हांआम्हांसारखा स्नान करी, जेवी, निजे आणि घरच्या माणसांच्या रुसव्याफुगव्यांत सांपडे. म्हणून राजवाडा पाहावयाचा तर तो घर म्हणून पाहावा, आणि हें घर कोणाचें होतें, असा प्रश्न प्रत्येक दालनास विचारावा. अशा दृष्टीनें पाहण्यास पद्मनाभपुरमच्या राजवाड्यासारखें दुसरें ठिकाण आमच्या तरी पाहण्यांत नाहीं.

आपल्या शनिवारवाड्याचीं लांकडी दालनें १८२८ च्या आगींत जळालीं. आतां तेथें तट, दरवाजे आणि जोतीं उरलीं आहेत. त्यांवरचे मजले पाहणारानें कल्पनेनेंच चढवावयाचे. पद्मनाभपुरमास तें लांकूड अजून उभें आहे. तिरुवनंतपुरमहून कन्याकुमारीकडे जातांना, डोंगराच्या पायथ्याशीं, दगडी तटाच्या आंत त्रावणकोरच्या राजांचें हें जुनें निवासस्थान लागतें. मार्तंडवर्मा ह्या पराक्रमी राजानें (राज्यकाल १७२९ ते १७५८) वाड्यास आजचें रूप दिलें. १७४१ सालीं कोळच्चल येथें डच लोकांचा पराभव करणारा तो हाच. १७५० त त्यानें आपलें राज्य पद्मनाभस्वामीच्या चरणीं अर्पण केलें आणि स्वतः देवाचा दास म्हणून तें चालविलें. पुढें १७९५ त राजधानी तिरुवनंतपुरमास गेली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत भोंवतालचा मुलूख आजच्या तामिळनाडूकडे आला. वाड्याची देखभाल मात्र केरळच्या पुराणवस्तु खात्याकडेच राहिली.

पादत्राणें बाहेर ठेवून आंत पाऊल टाकलें कीं प्रथम गारवा जाणवतो. उतरतीं कौलारू छपरें खालपर्यंत आलेलीं, खिडक्यांस लांकडी जाळ्या. त्यामुळें ऊन बाहेर राहतें आणि वारा तेवढा आंत येतो. मंत्रशाळेच्या खिडक्यांस अभ्रकाचे रंगीत तुकडे बसविलेले आहेत. जमीन काळीभोर व आरशासारखी गुळगुळीत आहे. करवंट्यांचा कोळसा, चुना, अंड्यांतील पांढरा बलक इत्यादि पदार्थ घोटून ती केली, असें सांगतात. येथें राजा प्रधानांसह बसे. परंतु ही जमीन घोटतांना कित्येक हातांचे तळवे सोलले असतील आणि ती रोज पहांटे कोण पुशीत असेल, हा विचार एकदां मनांत आला कीं दालनांतून गर्दी वावरूं लागते.

ऊट्टुपुरा, म्हणजे भोजनशाळा, पाहिल्यावर तर घरांतील बायकांनीं खालींच बसावें! एकावर एक असे दोन मजले, आणि प्रत्येक मजल्यावर सुमारें हजार पानें मांडण्याची सोय. आपल्याकडे मुंजीलग्नांत शेंदोनशें पान उठलें कीं स्वयंपाकघरांतल्या मंडळींची कंबर धरते. येथें सहस्रभोजन हा नित्याचा व्यवहार. लोणच्यासाठीं ठेवलेले मोठमोठे चिनी रांजण अद्याप तेथें आहेत. त्यांजकडे पाहिलें म्हणजे कैऱ्यांच्या राशी, खोबरें खवणाऱ्यांच्या ओळी, वैलांवरचीं हंड्यांएवढीं भांडीं आणि घामानें निथळणारे आचारी डोळ्यांपुढें येतात. केळीचीं पानें किती लागत असतील? आणि उष्टीं पानें काढणारे स्वतः जेवावयास केव्हां बसत असतील?

ह्या पंक्तींत बसे कोण, हेंहि सांगितलें पाहिजे. त्रावणकोर संस्थानच्या अन्नशाळांतून सरकारी खर्चानें जेवी तो मुख्यतः ब्राह्मण, म्हणजे आपणांपैकींच. ज्यांनीं गुडघाभर चिखलांत उभें राहून तो भात पिकविला, त्यांस पंक्ति दूरच, देवळाजवळच्या रस्त्यावरूनहि जाण्याची मुभा नव्हती. त्यांतील पुष्कळ जण तर जमिनीबरोबर विकले जाणारे गुलाम होते. ती गुलामगिरी १८५५ त बंद झाली. ह्याच दक्षिण त्रावणकोरांतील नाडार स्त्रियांस अंगभर वस्त्र घेण्यासाठीं अनेक वर्षें झगडावें लागलें, आणि १८५९ त तो हक्क मिळाला तोहि अपुराच. देवळांचीं दारें सर्व हिंदूंस उघडीं झालीं तीं १९३६ च्या नोव्हेंबरांत. वाड्याच्या सौंदर्याचें कौतुक करतांना हा हिशेब मिटवून टाकणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

आतां ह्या वाड्याच्या गाभ्याकडे वळूं. येथील सर्वांत जुना भाग तो ‘तायकोट्टारम्’, म्हणजे आईचा वाडा. मध्यें चौक, चारी बाजूंनीं त्यांत उतरणारीं छपरें. आपल्या चौसोपी घराची आठवण व्हावी अशी रचना. फणसाच्या एकाच लांकडांतून कोरलेला खांब येथेंच आहे. परंतु आश्चर्य कोरीव कामाचें नाहीं. तें नांवाचें आहे. त्रावणकोरच्या राजकुलांत वंश आईकडून चाले. ह्या पद्धतीस ‘मरुमक्कत्तायम्’ म्हणतात. गादी राजाच्या मुलास न मिळतां बहिणीच्या मुलास मिळे. राणी म्हणजे राजाची पत्नी नव्हे, तर त्याची बहीण किंवा भाची. राजाच्या पत्नीस ‘अम्मच्ची’ म्हणत. तिला मान असे, परंतु राणीपद नसे.

ज्या घरांत सून येते आणि लेक जाते, अशा घरांत वाढलेल्या आपणांस हें उलटें जग वाटेल. येथें लेक जातच नसे. तिचें घर तिचेंच राही. आपण वंशासाठीं पुत्र दत्तक घेतों; ह्या राजकुलानें मुली दत्तक घेतल्या! ज्या राजा रविवर्म्याचीं चित्रें आपल्या आजोळच्या ओटीवर टांगलेलीं असत, त्याच्या दोन नाती १९०० सालीं अशाच त्रावणकोरच्या घरीं दत्तक गेल्या, आणि त्यांपैकीं सेतु लक्ष्मीबाई ह्यांनीं १९२४ ते १९३१ पर्यंत राज्यकारभार पाहिला.

तरीहि ह्या व्यवस्थेस रामराज्य समजूं नये. मार्तंडवर्म्याच्या मामाचे पुत्र बापाच्या गादीसाठीं भाच्याविरुद्ध उठले, आणि त्या कलहांत मारले गेले. बाप राजा असून आपण कोणी नव्हे, हें त्या मुलांच्या मनास किती डांचलें असेल! शिवाय वंश स्त्रीचा असला तरी सिंहासनावर बहुतेक वेळां पुरुषच बसला. नवरात्रमंडपांत गायन-नृत्य चाले, तेव्हां राजस्त्रिया तें लांकडी जाळीच्या आडून पाहत. ती जाळी आजहि तेथें आहे. आईचा वाडा असूनहि आईनें जाळीआड बसावें! कोणाला तरी मागें ठेवल्यावांचून घराची घडी बसतच नाहीं कीं काय, असें क्षणभर मनांत येतें.

कायद्यानें आतां दोन्ही पद्धति मागें टाकल्या आहेत. केरळांत १९७५ च्या कायद्यानें एकत्र कुटुंबाची कायदेशीर पद्धतीच रद्द झाली. आपल्या महाराष्ट्रांत १९९४ च्या दुरुस्तीनें, आणि सर्व देशांत २००५ च्या दुरुस्तीनें, मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क मिळाला. परंतु कागदावरचा हक्क घराच्या भिंतींत मुरावयास वेळ लागतो. किती घरांतून बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात, आणि त्या सह्या किती खुशीच्या असतात, हें ज्याचें त्यानें मनाशीं पडताळून पाहावें.

पद्मनाभपुरमचें लांकूड इतकीं वर्षें टिकलें तें आपोआप नव्हे. कोणीतरी रोज पुसलें, वाळवी पाहिली, फुटलें कौल बदललें, म्हणून तें टिकलें. एकत्र कुटुंबाचेंहि तसेंच आहे. फरक इतकाच कीं, राजवाडा राखणारास घर आपलें नसलें तरी वेतन मिळतें. कुटुंब राखणारीस वेतन नाहीं, तेव्हां निदान घर तरी तिचें असावें. आपल्या घरांत उजेडाची खोली कोणाची, धुराची कोणाची, आणि लेक माहेरीं आली म्हणजे तिची पिशवी कोठें ठेवली जाते, एवढें वाचकांनीं आज संध्याकाळीं पाहावें. त्यासाठीं तिकीट काढून कोठें दूर जावें लागत नाहीं.