ईश्वराचा कोप आणि माणसाची भिंत

भूकंप झाला, महापूर आला, पाऊस रुसला, की ‘हा ईश्वराचा कोप’ असा निवाडा देणारे लोक आपल्याकडे प्रत्येक पिढीत निघतात. निवाडा देणारा निरक्षर असला तर सुशिक्षित त्याला हसून मोकळे होतात. परंतु तोच निवाडा एखाद्या महात्म्याने दिला म्हणजे प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. हिंगणीसारख्या वर्धा जिल्ह्यातील गावी राहणारास तर तो टाळणे मुळीच शोभत नाही. कारण ज्या दौऱ्यात हा वाद उपस्थित झाला, त्याचा आरंभ याच जिल्ह्यात झाला.

अस्पृश्यतानिवारणाच्या त्या दौऱ्यावर गांधीजी ७ नोव्हेंबर १९३३ रोजी वर्ध्याहून निघाले. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार भूकंपाने उद्ध्वस्त झाला. आणि थोड्याच दिवसांत दक्षिणेत तिनेवेल्ली येथे त्यांनी सांगितले, की हे अस्पृश्यतेच्या पापाचे ईश्वरी शासन होय. रवींद्रनाथ ठाकुरांनी याचा निषेध केला. भौतिक उत्पातांची कारणे भौतिकच असतात, हे त्यांचे म्हणणे. गांधीजींनी तो निषेध ‘हरिजन’मध्ये स्वतः छापला आणि उत्तरही दिले. असे औदार्य आजच्या वादपटूंत विरळाच!

गांधीजींच्या भूमिकेचे सामर्थ्य आम्ही नाकारीत नाही. जड सृष्टी आणि नीती ही दोन परकी राज्ये नव्हेत, अशी त्यांची श्रद्धा होती. परंतु ईश्वर न्यायाधीश असेल, तर त्याचा न्याय असा आंधळा कसा? ज्याला विहिरीवरून हाकलले त्याचीही झोपडी त्या दिवशी कोसळली. आणि हाकलणारे देशभर सुखाने नांदत राहिले. अपराध एकाचा आणि फाशी दुसऱ्याला, हे मनुष्याच्या न्यायालयातही चालत नाही. ते ईश्वराच्या दरबारात चालते असे म्हणणे ही भक्ती नव्हे, ईश्वराची निंदा आहे.

मग ठाकुरांचे म्हणणे पुरे पडते काय? आमच्या मते तेही अर्धेच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाला काही तासच लोटले असताना, किल्लारीची भूमी हादरली. बिहारच्या भूकंपाहून हा धक्का शक्तीने कितीतरी लहान. तरीही हजारो माणसे गेली. का? दगड आणि मातीच्या जाड, सुट्या भिंती व त्यांवरील मातीचे जड धाबे झोपलेल्या माणसांवर पडले म्हणून. भूगर्भातील खडक सरकला तो निसर्गनियमाने. पण भिंत मनुष्याने बांधलेली होती. अधिक पक्की भिंत कशी बांधावी हे कुणाला ठाऊक होते, कुणाला परवडत होते, कुणी कुणाला शिकविले नाही, हे प्रश्न भूगर्भशास्त्राचे नव्हेत, धर्माचे आहेत. सृष्टीत नीती शिरते ती आकाशातून नव्हे. मनुष्याच्या हातांतून शिरते.

‘मग तुम्ही ईश्वराला सृष्टीतून हद्दपार केलेत!’ असे कोणी म्हणेल. मुळीच नाही. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त जग हा चैतन्याचाच विलास मानला. हा सिद्धांत ज्याला पटतो, त्याने ईश्वराचा हात नियमाच्या भंगात का शोधावा? पाण्याचे उताराकडे धावणे, बीजाचे अंकुरणे, खडकाचे तडकणे, हा नियमच त्याचा आहे. तो पुण्यवानासाठी वाकत नाही, पाप्यासाठी कठोर होत नाही. या निःपक्षपातातच त्याचे ईश्वरत्व आहे. मनुष्याला मिळाली आहे ती नियम जाणण्याची बुद्धी आणि ते ज्ञान दुसऱ्याच्या रक्षणासाठी वापरण्याची जबाबदारी. ईश्वर, मनुष्य आणि विश्व यांना जोडणारा दुवा तो हाच.

हिंगणीच्या शेजारच्या बोरच्या अरण्याला २०१४ साली व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. झाड पावसाचा मारा झेलते, मुळे माती धरून ठेवतात, आणि मुरलेले पाणी हळूहळू ओढ्याला मिळते. हे जाणूनही जो टेकडी बोडकी करतो आणि मग पाण्यासाठी देवाला साकडे घालतो, त्याच्यावर देव कोपलेला नाही. त्यानेच देवाचे ऐकलेले नाही.