ठिणग्यांपलीकडचा हिशेब

हुबळीच्या गोकुळ रस्त्यावरील व तारिहाळच्या कारखानदार बंधूंनो, ग्राइंडिंगचा भाव सांगताना आपण काय मोजता? केवळ ठिणग्या उडतात तेवढाच वेळ मोजत असाल, तर ती आत्मवंचना आहे!

समजा, 50 शाफ्टांचे काम आले. प्रत्येकी 4 मिनिटांप्रमाणे घासाई 200 मिनिटांची. परंतु सेटिंगला 60, नग चढविण्या-उतरविण्यास व मापण्यास प्रत्येकी 2 प्रमाणे 100, आणि दर 10 नगांमागे चाकाच्या हिऱ्याने करावयाच्या ड्रेसिंगला 5 प्रमाणे 25. एकंदर यंत्र अडकले 385 मिनिटे! तासाचा दर 600 रुपये धरल्यास 2,000 रुपये मागणारा 3,850 रुपयांचे काम देऊन बसतो. झिजलेले चाक व बाद नग निराळेच. मापातील सूट 20 मायक्रॉनवरून 5 वर आली, की शेवटचे हलके फेरे वाढतात. भावही वाढलाच पाहिजे.

ही तूट गिऱ्हाईक भरीत नाही. ती कामगाराच्या मजुरीतून, नाही तर मालकाच्या संसारातून भरली जाते. घामाचे रास्त दाम मागण्यात लाज कसली? आधी पुरता हिशेब मांडा, मग ताठ मानेने भाव सांगा!