न आटणारी लोकर

मुंबईत लोकर मिळत नाही असं माझं स्पष्ट मत झालंय. थांबा, अंधेरी-बोरिवलीच्या मार्केटात रंगीबेरंगी गुंड्यांनी भरलेली दुकानं मलाही दिसतात. पण जरा लेबल वाचा. बहुतेकांवर बारीक अक्षरात 'अ‍ॅक्रिलिक' लिहिलेलं असतं. म्हणजे प्लॅस्टिक! दुकानदार त्याला बिनधास्त लोकर म्हणतो आणि आपणही.

स्वेटरच विणायचा असेल तर ठीक आहे, चालून जातं. (तसंही मुंबईत स्वेटर घालतो कोण?) पण मला हवं होतं रोज सॅकमध्ये टाकायला एक छोटं पाऊच. किल्ल्या, इअरफोन, पेन ड्राइव्ह, लोकलचा पास एवढं मावेल असं. आधी सैल विणायचं आणि मग मुद्दाम आटवायचं. यालाच फेल्टिंग म्हणतात. गरम पाण्यात धुतलेला स्वेटर बाहुलीच्या मापाचा होतो ना, तोच प्रकार, फक्त जाणूनबुजून.

लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं या तिन्हींमुळे ते एकमेकांत अडकतात ते कायमचे. (इथे 'अनडू' नाही, आमच्या धंद्यातल्यांनी लक्षात ठेवावं.) अ‍ॅक्रिलिकला हे खवलेच नाहीत. दिवसभर चोळा, स्वच्छ होईल एवढंच. लेबल नसेल तर इंचभर धागा चिमट्यात धरून मोरीत जाळून बघा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक काळा मणी होतो. 'सुपरवॉश' लिहिलेली लोकरही या कामाची नाही, कारण ती आटू नये म्हणून खवले आधीच निकामी केलेले असतात.

आता खरी लोकर आणायची कुठून? ऑनलाइन परदेशी मेरिनो मिळते, महाग. आणि इकडे माण, आटपाडी, सांगोल्याकडच्या धनगरांच्या दख्खनी मेंढ्या! त्यांच्या लोकरीला इतका कमी भाव येतो की कातरणीचा खर्चही निघत नाही, त्यामुळे बरीच लोकर चक्क फेकून दिली जाते. पूर्वी सणगर मंडळी तिची घोंगडी विणत, ताण्याला चिंचोक्याची खळ लावून. घोंगडी मागे पडली आणि लोकरीचं गिऱ्हाईकही गेलं. मुलुंडच्या पलीकडे ठाण्यात लोकरीवर संशोधन करणारी वूल रिसर्च असोसिएशन आहे, म्हणजे विषय काही आपल्यापासून फार लांबचा नाही.

"ती टोचते हो साहेब, कोणी घेत नाही," असं एका दुकानदाराने मला सांगितलं. बरोबर आहे, अंगाला टोचते. पण पाऊच कुठे अंगात घालायचंय? जाडाभरडा, केसाळ, काळा-करडा धागा ही इथे उलट जमेची बाजू. रंगवायलाही नको.

माझं पाऊच हातसुताच्या दख्खनी धाग्याचं आहे. जाड सुयांवर, सगळे टाके सुलट-उलट साधे. विणून झालं तेव्हा 18 सेंमी रुंद आणि 26 सेंमी उंच होतं, आटल्यावर 15 बाय 19 झालं. उंची रुंदीपेक्षा जास्त आटते, हे माप ठरवतानाच धरायचं. ही लोकर मेरिनोसारखी पटकन धरत नाही. बादलीत कडकडीत पाणी, हातात रबरी मोजे आणि पाऊण तास रगडणं. दंड भरून येतात. पण नंतर टाके दिसेनासे होतात आणि कापड असं घट्ट होतं की कात्रीने कापलं तरी उसवत नाही.

पावसाळ्याचं काय, असं ऑफिसात हमखास विचारतात. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण तीस टक्के बाष्प ओली न वाटता धरून ठेवते, त्यामुळे दमट हवेत आतलं सामान ठीक राहतं. अगदी चिंब भिजलं तर मेंढीचा वास येतो, हे मान्य. पंख्याखाली वाळवावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. कसरीची भीती मात्र मला कमी वाटते. ती लागते कपाटात पडून राहिलेल्या लोकरीला, आणि हे पाऊच रोज 8.12 च्या गर्दीत घुसळून निघतंय.